टिफिन मोठा की डबा?

आमचा रात्रीचा वर्ग आठ वाजता भरतो. त्या दिवशी सारी मंडळी वेळेवर आली होती. पण एक मावशी गप्प बसल्या होत्या. पाटी पुढे होती, खडू हातात होता. लिहीत मात्र काहीच नव्हत्या. मी विचारले, "मावशी, आज बरे नाही का?"

त्या म्हणाल्या, "बरं हाय हो बाई. पण एक विचारू का? हसणार न्हाई ना?"

"विचारा की."

"माझी नात इंग्रजी शाळंत जाते. सकाळी गाडीत चढताना मी तिला हाक मारली, 'पोरी, डबा घेतलास का?' तर गाडीतल्या पोरी हसल्या. संध्याकाळी नात म्हणाली, 'आजी, सगळ्यांसमोर डबा म्हणू नको. टिफिन म्हण.' आता तुम्हीच सांगा. चाळीस वरसं मी डबा भरते. मालकांचा भरला, लेकाचा भरला, आता नातीचा भरते. मंग माझा शब्द खोटा आन् तिचा खरा, असं हाय का?"

कोणी हसले नाही. कारण असा प्रसंग आपल्यापैकी पुष्कळांवर आलेला असतो. आपण एखादा शब्द बोलतो. समोरचा शिकलेला माणूस ओठातल्या ओठात हसतो. मग आपली जीभ अडखळते. पुढच्या वेळी आपण तोंडच उघडत नाही. दवाखान्यात गप्प, कचेरीत गप्प, शाळेत गुरुजींपुढे गप्प.

म्हणून त्या रात्री ठरलेला धडा बाजूला ठेवला आणि 'टिफिन' या शब्दाची सारी कुळकथा वर्गाला सांगितली. तीच येथे लिहिली आहे.

साहेबाचा शब्द खरा, पण कोणत्या साहेबाचा?

टिफिन हा शब्द इंग्रजांबरोबर आपल्या देशात आला. एवढे ऐकले की आपल्याला वाटते, तो मोठ्या घरचा शब्द असणार. पण तसे नाही. इंग्लंडात 'टिफ' म्हणजे दारूचा लहानसा घोट. तीही पाणी घातलेली, हलकी दारू. त्यावरून 'टिफिंग' हा शब्द निघाला. जेवणाची वेळ नसताना मध्येच काही खाणे-पिणे, असा त्याचा अर्थ.

१७८५ साली लंडनमध्ये फ्रान्सिस ग्रोस नावाच्या गृहस्थाने एक कोश छापला. कोश म्हणजे शब्दांचे अर्थ सांगणारे पुस्तक. पण हा कोश निराळा होता. त्यात पंडितांचे शब्द नव्हते. शिपाई, खलाशी, भुरटे चोर, गुत्त्यावर बसणारे लोक, यांच्या तोंडचे शब्द त्यात होते. कोशाच्या नावातच 'गावंढळ बोली' असे शब्द होते. त्या कोशात आपला 'टिफिंग' सापडतो! म्हणजे हा शब्द त्यांच्याकडे शिष्टांच्या पंगतीतला नव्हता.

मग तो जेवणाचा शब्द कसा झाला? त्याला कारण आपल्याकडचे ऊन आणि त्यांच्या जेवणाची वेळ.

त्या काळी आपल्या देशात आलेले इंग्रज दिवसाचे मोठे जेवण दुपारी घेत. एलायझा फे नावाची एक इंग्रज बाई १७८० साली कलकत्त्यात राहत होती. तिने घरी पाठवलेल्या पत्रांत लिहून ठेवले आहे, की येथे भर उन्हात दुपारी दोन वाजता जेवायला बसतात. पुढे हळूहळू हे मोठे जेवण संध्याकाळकडे सरकले, मग रात्रीवर गेले. पण पोट काही रात्रीपर्यंत थांबत नाही. दुपारी थोडे काहीतरी हवेच. या दुपारच्या हलक्या खाण्याला नाव काय द्यायचे? बोलीतला जुना शब्द हाताशी होताच. 'टिफिंग'चे झाले 'टिफिन'. एकोणिसावे शतक उजाडले तेव्हा तो इकडच्या इंग्रजांच्या बोलण्यात आणि लिहिण्यात रुळू लागला होता.

पुढे १८८६ साली हेन्री यूल आणि बर्नेल या दोघांनी असाच एक मोठा कोश तयार केला. हिंदुस्थानात राहून इंग्रजांच्या बोलण्यात जे शब्द शिरले, त्यांचा तो कोश. टिफिन हा शब्द कोठून आला, याबद्दल तोवर बरेच तर्क झाले होते. कोणी म्हणे, तो अरबी आहे. कोणी म्हणे, चिनी आहे. यूल-बर्नेल यांनी दोन्ही तर्क बाजूला सारले आणि सांगितले, की हा इंग्रजी बोलीतलाच जुना शब्द आहे.

त्या कोशाच्या नावाचीही एक गंमत आहे. त्याचे नाव 'हॉब्सन-जॉब्सन'. मोहरमच्या मिरवणुकीत लोक "या हसन, या हुसेन" असा आक्रोश करीत. गोऱ्या शिपायांच्या कानांना ते 'हॉब्सन-जॉब्सन' असे ऐकू आले. पाहा, आपण 'स्टेशन'चे 'ठेसन' केले तर लोक हसतात. साहेबाने 'हसन-हुसेन'चे 'हॉब्सन-जॉब्सन' केले आणि ते मोठ्या पुस्तकाचे नाव झाले! शब्द एका तोंडातून दुसऱ्या तोंडात गेला की थोडा बदलतोच. त्यात लाज कसली?

एक शब्द, तीन ठिकाणी तीन अर्थ

आता पुढे ऐका. ज्या इंग्लंडातून टिफिन आला, तेथे लोक आज दुपारच्या जेवणाला टिफिन म्हणत नाहीत. तेथे तो शब्द जुना झाला. आपल्या देशात मात्र तो राहिला, आणि जेथे गेला तेथे तेथला होऊन राहिला.

तामिळनाडूत गेलात तर टिफिन म्हणजे इडली, डोसा, उपमा असे हलके खाणे. ते सकाळी खातात, नाहीतर दिवस कलताना खातात. दुपारच्या भात-सांबाराला तेथे कोणी टिफिन म्हणत नाही. ते जेवण, त्याला 'साप्पाडु' म्हणतात. म्हणजे दुपारचा शब्द दुपार सोडून सकाळ-संध्याकाळकडे गेला.

आपल्या मुंबईत आणखी निराळे झाले. जेवण नेण्याच्या भांड्याला इंग्रज 'टिफिन कॅरिअर' म्हणत. एकावर एक बसवलेले तीन-चार पुडे, बाजूने कडी आणि वर मूठ. पूर्वी तो पितळेचा असे आणि आतून कल्हई केलेली असे. पुढे ॲल्युमिनियमचा आला, मग स्टीलचा आला. एवढे लांबलचक नाव रोज कोण घेणार? पुढचा अर्धा शब्द गळाला. उरला टिफिन. खाण्याचे नाव भांड्याला चिकटले.

आपला 'डबा' बरोबर उलट वाटेने चालला. डबा हे मुळात भांड्याचे नाव. पिठाचा डबा, तेलाचा डबा, आगगाडीचा डबा. पण आपण विचारतो, "काय हो, डबा खाल्ला का?" आता डबा कोण खातो? पत्रा का कोणी चावतो? आपण आतली भाजी-भाकरी खातो आणि नाव डब्याचे घेतो. खोलीवर एकटा राहणारा माणूस म्हणतो, "मी डबा लावलाय." म्हणजे महिन्याचे पैसे ठरवून कोणाकडून तरी जेवण आणवतो. भांड्याचे नाव खाण्याला चिकटले.

म्हणजे दोन शब्द दोन टोकांकडून निघाले आणि वाटेत भेटले. आज दोघांचा अर्थ एकच. मग एक उच्च आणि एक नीच कसा?

घड्याळ सरकते तसा शब्द सरकतो

जेवणाच्या शब्दांची हीच तऱ्हा आहे. ते एका जागी बसत नाहीत.

आपण सकाळी न्याहारी करतो. हा शब्द फारसीतून आला. फारसीत 'नाहार' म्हणजे सकाळपासून काही न खाल्लेला, उपाशी. उपाशी माणूस जे पहिले खातो, ती नाहारी. तिची आपण न्याहारी केली. इराण देशात आजही फारसी बोलतात. तेथे 'नाहार' म्हणजे आता दुपारचे जेवण! तेथे शब्द दुपारपर्यंत सरकला, आपल्याकडे सकाळीच थांबला.

फराळ घ्या. मूळ शब्द फलाहार, म्हणजे फळे खाणे. आज दिवाळीच्या फराळात फळ कोठे असते? चकली, चिवडा, करंज्या, लाडू. तरी फराळाला कोणी खोटा शब्द म्हणत नाही.

'लंच' हा शब्द आता टिफिनपेक्षाही रुबाबाचा समजतात. पूर्वी इंग्रजीत लंच म्हणजे भाकरीचा नाहीतर खाण्याचा जाड तुकडा. आपण पाहुण्याला म्हणतो, "या, भाकर-तुकडा खाऊन जा." आपल्या भाकर-तुकड्यात आणि त्यांच्या लंचमध्ये मुळात अंतर किती? एका तुकड्याचेही नाही.

आणि आपला 'जेवण' हा साधा शब्द? तो संस्कृतातल्या 'जेमन' या शब्दापासून आला. जेमन म्हणजे भोजन. किती पिढ्यांनी तो तोंडात घोळवला, तेव्हा 'म'चा 'व' झाला.

डबा भरणारे हात, डबा नेणारे पाय

शब्द भांड्याला चिकटला, खाण्याला चिकटला. पण भांडे भरते कोण? नेते कोण? त्यांचे नाव शब्दात येत नाही. म्हणून ते येथे सांगितले पाहिजे.

मुंबईत १८५३ साली आगगाडी सुरू झाली. १८५४ साली पहिली कापडगिरणी उभी राहू लागली. कोकणातून आणि घाटावरून माणसे कामाला आली. घर एकीकडे आणि काम दुसरीकडे, अशी नवी रीत पडली. शेतावर असताना घरची बाई टोपलीत भाकरी घेऊन बांधावर येई. फोर्टातल्या कचेरीत ती कशी येणार? सकाळी सातला निघणाऱ्याला आठचा स्वयंपाक कसा मिळणार?

यातून एक नवा धंदा निघाला. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी शंभरेक माणसे जमवून घरचे डबे कचेऱ्यांत पोचवायला सुरुवात केली. ही माणसे बहुतेक पुणे जिल्ह्यातली, जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या भागांतली. डोक्यावर पांढरी टोपी आणि वर डब्यांनी भरलेली लाकडी पाटी. सकाळी घरोघर जाऊन डबे गोळा करायचे, स्टेशनवर त्यांची वाटणी करायची, गाडीने न्यायचे, पुन्हा वाटणी करायची, जेवणाच्या सुट्टीच्या आत ज्याच्या त्याच्या हाती द्यायचे. दुपारी रिकामे डबे पुन्हा त्याच वाटेने घरी.

१९५६ साली या लोकांचा न्यास नोंदवला गेला. नाव ठेवले 'नूतन मुंबई टिफिन बॉक्स सप्लायर्स चॅरिटी ट्रस्ट'. कागदावर टिफिन, पण लोकांच्या तोंडी ते डबेवालेच राहिले. २००३ साली इंग्लंडचे युवराज चार्ल्स त्यांना चर्चगेट स्टेशनवर भेटायला आले. २००५ साली त्यांच्या लग्नाचे आमंत्रणही डबेवाल्यांना आले. टिफिन शब्द पाठवणारा देश टिफिन कसा पोचवायचा ते पाहायला आला!

२०२० पूर्वी हे सुमारे ५,००० लोक रोज दोन लाखांच्या आसपास डबे पोचवीत, असे त्यांची संघटना सांगे. २०२० च्या मार्चमध्ये साथीमुळे गाड्या बंद झाल्या, कचेऱ्या बंद झाल्या आणि डबेही थांबले. पुष्कळजण गावी परतले. नंतर काम पुन्हा सुरू झाले, पण पूर्वीइतके राहिले नाही.

ज्यांची बायका-मुले गावी होती, त्या गिरणीकामगारांचा डबा कोण भरणार? ते खानावळीत जेवत. गिरणगावात शेकडो बाया आपल्या एका खोलीत दहा-वीस जणांचा स्वयंपाक करीत. धान्यासाठी सावकाराचे कर्ज काढीत आणि व्याज भरता भरता थकून जात. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अशा बायांना एकत्र करून 'अन्नपूर्णा महिला मंडळ' काढले. बँकेतून कर्ज मिळवून दिले. त्यासाठी अर्ज आले, सही आली. ज्या बायांनी आयुष्यभर फक्त डाळीचा हिशेब ठेवला, त्यांना कागदावर आपले नाव लिहावे लागले.

झाकणावरची अक्षरे

हे ऐकताना कोपऱ्यातले एक आबा हलले. जुन्नरकडचे म्हातारे गृहस्थ. ते फार बोलत नाहीत. म्हणाले, "बाई, मी पंचवीस वरसं मुंबईत डबा वाहिला."

सगळे त्यांच्याकडे पाहू लागले. मी विचारले, "आबा, मग इतक्या डब्यांतून कोणता कोणाचा, हे कसे कळायचे?"

"झाकणावर खुणा असत्यात. आमच्या आधीच्या लोकांनी रंगीत दोरे बांधले, चिंध्या बांधल्या. मंग रंग आला. मधी मोठा आकडा, म्हंजी डबा कुठल्या टेसनावर उतरायचा. एका बाजूला अक्षरं, म्हंजी डबा कुठनं उचलला. दुसऱ्या बाजूला कुठली बिल्डिंग आन् कितवा मजला."

"म्हणजे तुम्ही वाचत होता!"

"छ्या! मला कुठं वाचता येतं? अक्षराचं नाव म्हाईत नव्हतं. पण तोंडवळा म्हाईत होता."

"कधी चुकलात का?"

आबा थोडे थांबले. "एकदा. सहाचा नऊ वाचला. सहाव्या मजल्यावरचा डबा नवव्या मजल्यावर गेला. तिथला माणूस माळकरी, आन् डब्यात बोंबील. त्यो बिचारा काही बोलला न्हाई. झाकण लावलं आन् दिवसभर उपाशी राहिला. मुकादम लई बोलला. पण त्याचं काय वाटलं न्हाई. त्या माणसाच्या उपासाचं वाटलं. त्या दिवसापासनं मी सहाच्या खाली रेघ मारून घ्यायचो."

मंडळी, आबांनी जे सांगितले त्याचा विचार करा. खूण नीट वाचली तर एक माणूस जेवतो. चुकली तर तो उपाशी राहतो. वाचण्याचे महत्त्व सांगायला याहून मोठा धडा कोठला? आणि आबा स्वतःला निरक्षर म्हणवतात! ज्याने पंचवीस वर्षे गर्दीत, धावत्या गाडीत, घामाने भरलेल्या डोळ्यांनी खुणा वाचल्या, त्याला क-ख-ग किती अवघड जाणार? आबांनाही त्या रात्री हे पहिल्यांदाच वाटले असावे. त्यांनी पाटी जरा जवळ ओढली.

मग मावशींना काय सांगितले?

मी म्हणाले, "मावशी, तुमची नात चुकली नाही. टिफिन हा शब्द वाईट नाही. दोनशे वर्षे तो आपल्या देशात आहे, आता तो आपलाच आहे. तिने तो खुशाल वापरावा. पण डबा हाही तितकाच खरा आहे. टिफिन गुत्त्यातून आला आणि शाळेत बसला. तुमचा डबा चुलीपासून निघाला आणि साऱ्या मुंबईला जेवू घालून आला. त्याने कोणापुढे मान खाली घालावी?"

मावशी हसल्या. म्हणाल्या, "मंग डबा लिहायचा कसा, ते दाखवा."

मी फळ्यावर लिहिले. आधी 'ड'. मग 'ब', त्याला काना. मावशींनी पाटीवर गिरवले. पहिला 'ड' उताणा पडला. दुसरा बरा आला. चौथ्यांदा शब्द नीट उमटला. मग त्यांनी नातीचे नावही गिरवून घेतले.

पुढच्या आठवड्यात त्या एक डबा घेऊन आल्या. झाकणावर लाल रंगाने नातीचे नाव लिहिले होते. शेवटचे अक्षर जागा न पुरल्यामुळे काठावर वाकले होते. पण वाचता येत होते. मी विचारले, "नात काय म्हणाली?"

मावशी म्हणाल्या, "म्हणाली, आजी, माझ्या टिफिनवर तू लिहिलंस? मी म्हटलं, व्हय, तुझ्या डब्यावर मीच लिहिलं."

करून पाहा

१. तुमच्या घरी सकाळच्या, दुपारच्या आणि रात्रीच्या खाण्याला काय म्हणतात? ते शब्द वहीत लिहा.

२. शेतावर किंवा प्रवासाला नेण्याच्या खाण्याला तुमच्याकडे काय शब्द आहे? घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि लिहून ठेवा.

३. आपल्या घरातल्या एका डब्यावर आत काय आहे ते लिहा. मीठ, साखर, डाळ, काहीही. रोज तो उघडताना शब्द एकदा वाचा.